पाणी वापर संस्था : तिचे अधिकार व तिची वही

गेल्या वैशाखांत आमच्या गांवीं चावडीच्या भिंतीवर पाणी वापर संस्थेच्या निवडणुकीची नोटीस लागली. ती वाचावयास जमलेल्या मंडळींपैकीं एका वयोवृद्ध गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें, “भाऊसाहेब, ही संस्था आमची कीं सरकारची?” आम्हीं बत्तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली, तेव्हां कायद्याची प्रत्येक गोष्ट आम्हांस ठाऊक असलीच पाहिजे, असा मंडळींचा समज आहे. आम्हीं “तुमचीच” असें उत्तर दिलें. त्यावर त्यांनीं दुसरा प्रश्न केला, “आमची, तर मग पाणी आमच्या हातीं कां नाहीं?” ह्याचें उत्तर आम्हांस उभ्याउभ्या देतां आलें नाहीं. पुढें दोन महिने कायदा, नियम व आसपासच्या कांहीं संस्थांचीं दप्तरें चाळून जें समजलें, तें ह्या लेखांत मांडीत आहों. आमच्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांची शेती कालव्याखालीं आहे, त्यांस तें उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आमचे वाडवडील ज्या कायद्याखालीं पाटाचें पाणी घेत असत, तो मुंबई इलाख्याचा १८७९ सालचा पाटबंधाऱ्यांचा कायदा होय. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, तो ह्याच कायद्याच्या अमलांत. त्याच्या जागीं पुढें १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला, तथापि पाणी देण्याघेण्याची तऱ्हा बव्हंशी जुनीच राहिली. शेतकऱ्यानें हंगामाच्या आरंभीं नमुना नंबर ७ वर पाणी अर्ज करावा. कोणतें पीक किती क्षेत्रावर घेणार तें लिहावें. मागील थकबाकी नसल्यास अर्ज मंजूर व्हावा. पाळी आली म्हणजे पाटकऱ्यानें दार उघडावें. आणि पुढें भिजलेलें क्षेत्र मोजून पिकावार दरानें आकारणी व्हावी, असा एकंदर क्रम. ह्या साऱ्या रीतींत शेत मोजलें जाई, पीक पाहिलें जाई, अर्ज तपासला जाई. पाणी मात्र शेतकऱ्याच्या दाराशीं कधीं मोजलें जात नसे. एक एकर गहूं तीन पाण्यांत काढणारा आणि सहा पाण्यांत बुडविणारा, दोघांची पाणीपट्टी एकच. वरच्या अंगाचा शेतकरी दार उघडें टाकून रात्रभर निजला, तरी त्याच्या पदरचें कांहीं जात नसे. जें जाई तें खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचें जाई.

ह्या रीतीचा एक धागा आमच्याही हातून गेला आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पाणीपट्टीची थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येते. सबब थकलेल्या खातेदारांच्या याद्या आमच्या कचेरींत येत व त्यांवरून नोटिसा लिहिण्याचें काम आमच्याकडे असे. एके वर्षीं अशा यादींत आमच्याच चारीच्या शेवटच्या वळणावरील एका विधवा बाईंचें नांव आलें. अडीच एकर रब्बी ज्वारी. त्या हंगामांत त्यांच्या शेतास एकच पाळी, तीही अर्धीमुर्धी, पोंचली होती. ज्वारी पोटरींत असतां वाळत गेली, हें आम्हीं येतां-जातां डोळ्यांनीं पाहिलें होतें, कारण आमची स्वतःची दोन एकर जमीन त्यांच्या बांधास बांध लागून आहे. परंतु यादींत गट नंबर होता, क्षेत्र होतें, पीक होतें, रक्कम होती. पाणी किती पोंचलें ह्याचा रकानाच नव्हता. आम्हीं नोटीस लिहिली, वरिष्ठांची सही घेतली, आणि ती बजावली गेली. बाईंनीं दोन शेळ्या विकून पैसे भरले. त्या पुढें आमच्याशीं कधीं वांकडें बोलल्या नाहींत. पण त्या नसलेल्या रकान्याची आठवण आमच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं.

पाणी गांवकऱ्यांनीं आपसांत वांटून घ्यावें, ही कल्पना कांहीं परकी नव्हे. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम इत्यादि नद्यांवर फड पद्धत शेंकडों वर्षें चालत आली. नदीस बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, आणि पाटाखालील जमिनीचे फड पाडलेले. एका फडांत सर्वांनीं ऊस लावावयाचा, दुसऱ्यांत सर्वांनीं हंगामी पीक घ्यावयाचें, आणि पुढल्या सालीं फडांची पालट करावयाची. पाण्यावर देखरेख ठेवण्यास पंचांनीं पाटकरी, जागले व हवालदार नेमावे व सुगीस त्यांस धान्य द्यावें. तेथें वही नव्हती आणि तिची फारशी गरजही नव्हती. बंधारा गांवाच्या डोळ्यांपुढें होता, पाणी किती आलें हें कोणासही दिसत असे. धरणाच्या कालव्याची गोष्ट निराळी. धरण वीस-पंचवीस कोसांवर, मध्यें शंभर दारें, आणि पाणी निघालें किती व आपल्या चारीच्या तोंडाशीं आलें किती, हें नजरेनें ठरविणें अशक्य. फडाची शिस्त कालव्यावर आणावयाची तर नजरेच्या जागीं माप आणलें पाहिजे, इतकाच काय तो फरक. परंतु तो फार मोठा आहे.

हा प्रयोग आपल्या राज्यांत प्रथम कायद्याच्या बळावर नव्हे, तर शेतकऱ्यांच्या राजीखुशीनें झाला. १९८९ चे सुमारास नगर जिल्ह्यांत मुळा धरणाच्या कालव्यावर चांदे येथील दत्त पाणी वापर संस्थेनें आपली चारी चालविण्यास घेतली. त्यानंतर थोड्याच काळानें निफाड तालुक्यांतील ओझर येथें वाघाड धरणाच्या उजव्या कालव्यावर महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे ह्यांनीं त्यांपायीं घरोघर फिरून लोकांची समजूत घातली. ओझर हें कालव्याच्या शेपटास आहे, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें. ज्यांस पाणी मुबलक मिळे त्यांनीं संस्था काढली नाहीं. ज्यांच्यापर्यंत तें पोंचत नसे त्यांनीं काढली. त्यांनीं मोजून पाणी घेतलें, मोजून वांटलें, ओढ्यांवरील बंधारे भरून घेऊन विहिरींस पाझर मिळविला, आणि पुढें वाघाडच्या लाभक्षेत्रावर चोवीस संस्था होऊन साऱ्या प्रकल्पाची एक वरिष्ठ संस्थाही झाली. ह्या संस्था सहकारी कायद्याखालीं नोंदलेल्या असल्यामुळें त्यांत सामील होणें न होणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर होतें. एका चारीवर कांहीं सभासद व कांहीं बाहेरचे, असें झालें म्हणजे जी ओढाताण होते, ती सांगावयास नको.

ती अडचण २००५ सालच्या कायद्यानें दूर केली. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचें शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ असें त्याचें लांबलचक नांव असून त्याखालील नियम २००६ सालीं झाले. ह्या कायद्यान्वयें शासनाकडून अधिसूचना निघून संस्थेचें क्षेत्र ठरतें. हें क्षेत्र गांवाच्या शिवेवरून ठरत नाहीं, चारीवरून ठरतें. एका चारीवर तीन गांवें असलीं तरी संस्था एकच. त्या क्षेत्रांतील प्रत्येक जमीनधारक आपोआप सभासद होतो, त्यास निराळा अर्ज वा भाग खरेदी करावा लागत नाहीं. संस्था ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ति आहे. ती करार करूं शकते, मालमत्ता बाळगूं शकते, दावा लावूं शकते व तिजवरही दावा लागूं शकतो. संचालक मंडळांत चारीच्या शिराचे, मध्याचे व शेपटाचे असे तिन्ही अंगांचे प्रतिनिधि असावे लागतात, व स्त्रियांनाही जागा राखलेल्या आहेत. चारीवरील संस्थांच्या वर वितरिकेची, तिच्यावर कालव्याची व सर्वांवर प्रकल्पाची, अशी संस्थांची उतरंड कायद्यानें कल्पिली आहे. बहुतेक ठिकाणीं खालचीं मडकींच अद्याप नीट बसलेलीं नाहींत, सबब वरच्यांविषयीं येथें लिहीत नाहीं.

आतां अधिकारांकडे वळूं. सर्वांत मोठा अधिकार पाण्याच्या कोट्याचा. संस्थेच्या क्षेत्राच्या प्रमाणांत तिला प्रत्येक हंगामास किती पाणी मिळावें हें ठरवून देण्यांत येतें, आणि तें एकरावर नव्हे तर घनमीटरांत. धरण भरलें नाहीं तर सर्वांच्या कोट्यांत सारख्या प्रमाणांत कपात व्हावी, एकास तुपाशी व दुसऱ्यास उपाशी असें होऊं नये, हें त्यांतील तत्त्व. पाणी चारीच्या तोंडाशीं मोजून एकत्र संस्थेच्या स्वाधीन करावयाचें व तेवढ्याचेंच बिल घ्यावयाचें. त्याचे घाऊक दर महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरण ठरवितें. हें प्राधिकरणही २००५ च्याच कायद्यानें अस्तित्वांत आलें. खरिपाचा दर कमी व उन्हाळ्याचा अधिक असतो. संस्थेचें काम सुरू झाल्यावर त्या क्षेत्रांतील कोणा एकट्यादुकट्या खातेदारास खात्यानें परस्पर पाणी द्यावयाचें नाहीं. पूर्वीं ज्यांची कालव्याच्या कचेरींत ऊठबस असे, त्यांस ही गोष्ट मानवत नाहीं; परंतु संस्थेची सगळी प्रतिष्ठा ह्यावर अवलंबून आहे.

दुसरा अधिकार पिकाचा. आपल्या कोट्याच्या मर्यादेंत कोणतें पीक घ्यावें, हें सभासदांनीं ठरवावें. शंभराहून अधिक वर्षांमागें विश्वेश्वरय्यांनीं दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत घालून दिल्यापासून कोणत्या तुकड्यांत काय पेरावें, ह्यास खात्याची मंजुरी लागे. तें बंधन संस्थेपुरतें सुटलें. तिसरा अधिकार आकाराचा. खात्यास घाऊक दरानें पैसे भरावयाचे, पण सभासदांकडून काय घ्यावें हें संस्थेनें आपल्या सभेंत ठरवावें. मधल्या फरकांतून पाटकऱ्याचा पगार, चारीची डागडुजी व दप्तरखर्च निघाला पाहिजे. ह्याखेरीज पाळ्यांचें वेळापत्रक करणें, सभासदांचे तंटे ऐकणें, चारीवरील अतिक्रमणें काढविणें, हींही कामें तिचींच.

हे अधिकार कागदावर पाहिले म्हणजे ग्रामपंचायतीसही हेवा वाटावा असे आहेत. मग पाणी आमच्या हातीं कां नाहीं? आम्हीं ज्या आठ-दहा संस्थांचीं दप्तरें पाहिलीं त्यांपैकीं बहुतेकांत निवडणुकीचे कागद होते, सभेचीं इतिवृत्तें होतीं, शिक्का होता. चारीच्या तोंडाशीं पाणी किती आलें, ह्याची संस्थेनें स्वतः ठेवलेली नोंद फक्त दोघींत मिळाली. कोटा घनमीटरांत आणि नोंद कांहींच नाहीं, म्हणजे बाजारांत तराजूवांचून धान्य विकत घेण्यासारखें आहे. दुकानदार सांगेल तेवढे मण, व तो मागेल तेवढे दाम.

पाण्याचा हिशेब अवघड आहे अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट पाणी. तें एक दिवस व एक रात्र सतत वाहिलें तर ८६,४०० घनफूट, म्हणजे सुमारें २,४५० घनमीटर होतें, व तेवढ्यांत दोन एकर जमिनीवर जवळजवळ एक फूट पाणी उभें राहील. समजा, एका चारीखालीं ३०० एकर जमीन असून तिच्या तोंडाशीं ३ क्युसेक पाणी १० दिवस चालतें. एकंदर २४० तास. ते ३०० एकरांस वांटले तर दर एकरीं ४८ मिनिटें आलीं. तेवढ्या वेळांत एकरास सुमारें २॥ इंच पाणी मिळावें. आतां चारी खचलेली आहे, खेकड्यांनीं बिळें केलीं आहेत, दोन दारांस पाट्याच नाहींत, आणि त्यामुळें तीनपैकीं एक क्युसेक वाटेंत मुरतो असें धरा. मग ३०० एकरांपैकीं १०० एकरांचें पाणी शेतांपर्यंत गेलेंच नाहीं. आणि बिल मात्र तोंडाशीं मोजलेल्या सगळ्या ७३,००० घनमीटरांचें येईल. जुन्या रीतींत चारीची गळती ही सरकारची गळती होती. नव्या रीतींत ती संस्थेच्या पैशांची गळती आहे. हें एकदां सभासदांच्या ध्यानीं आलें म्हणजे चारी साफ करण्यास माणसें बोलवावीं लागत नाहींत, असें आम्हीं एका संस्थेंत प्रत्यक्ष पाहिलें.

मोजण्याचें साधन म्हणजे चारीच्या तोंडाशीं बांधलेला सिमेंटचा अरुंद गळा. त्यास फ्ल्यूम म्हणतात. त्याच्या वरच्या अंगास भिंतीवर सेंटिमीटरांची पट्टी रंगविलेली असते. पट्टीवर पाणी कोठवर आलें तें वाचावें व कोष्टकांत त्या आकड्यासमोर किती प्रवाह दिला आहे तें पाहावें, इतकेंच काम. तें कोष्टक त्या त्या गळ्याच्या रुंदीप्रमाणें निरनिराळें असतें, सबब आपल्या फ्ल्यूमचें कोष्टक शाखा अभियंत्यांकडून लेखी मागून घ्यावें. शेजारच्या चारीचें चालत नाहीं.

येथें दोन गोष्टींत आमचे लोक हटकून फसतात, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. पहिली ही कीं, पट्टीवरील पाणी अर्ध्यावर आलें म्हणजे प्रवाह अर्धा झाला असें नव्हे. पाण्याची उंची कमी होतांच त्याचा वेगही कमी होतो, त्यामुळें उंची अर्धी झाली कीं प्रवाह सुमारें एक तृतीयांशावर येतो. शंभरास पस्तीस म्हटलें तरी चालेल. दहा दिवसांच्या पाळींत चार दिवस पट्टी अर्ध्यावर होती, व नोंद मात्र दहाही दिवस पूर्ण प्रवाहाची झाली, तर संस्थेस मिळालें सुमारें ७॥ दिवसांचें पाणी आणि पैसे भरले दहा दिवसांचे. दुसरी गोष्ट उलट बाजूची. फ्ल्यूमच्या खालच्या अंगास गाळ, गवत, किंवा कोणा उतावळ्यानें घातलेला आडवा बांध ह्यामुळें पाणी तुंबलें, तर वरची पट्टी चढलेली दिसते. लोक खूष होतात कीं आज पाणी जोरांत आहे. वास्तविक गळ्यांतून जाणारें पाणी कोष्टकाच्या आकड्याहून कमी असतें, आणि बिल चढलेल्या पट्टीप्रमाणें तयार होतें. सबब फ्ल्यूमच्या खालचा निदान शंभर-दीडशें फुटांचा भाग प्रत्येक पाळीपूर्वीं साफ ठेवावा. आमच्या माहितींतील एका संस्थेचे दोन हंगाम ह्याच चुकींत गेले, आणि चूक कोणाची होती म्हणाल तर सभासदांचीच.

ज्या दोन संस्थांत वही मिळाली त्यांतील एकीची हकीकत सांगण्यासारखी आहे. सचिवांची नववींतली मुलगी शाळेस जातांना व परततांना चारीच्या तोंडावरून जात असे. तिला पट्टी वाचावयास शिकविली. ती सकाळीं एक व सायंकाळीं एक आकडा शाळेच्या वहींत मागील पानावर लिही. सुट्टीच्या दिवशीं तिचा धाकटा भाऊ लिही. हंगामाअखेर बिल आलें, त्यांतील पाणी वहीच्या बेरजेपेक्षां बरेंच अधिक निघालें. अध्यक्ष वही घेऊन कचेरींत गेले. तेथील अधिकाऱ्यांच्या मनांत कांहीं काळेंबेरें नव्हतें; त्यांच्या एका माणसाकडे तीन माणसांचें काम होतें, व तो पाळीच्या पहिल्या दिवशींचा आकडा शेवटपर्यंत ओढीत असे. वहींत तारखा होत्या, वेळा होत्या, एक दिवस पावसामुळें नोंद राहिली तेथें “आज गेलें नाहीं” असेंही लिहिलेलें होतें. बिल दुरुस्त झालें. आम्हीं उभ्या नोकरींत पाहिलें आहे कीं, कचेरींत तोंडी तक्रारीस उत्तर तोंडीच मिळतें; कागदास कागदानें उत्तर द्यावें लागतें. “आज गेलें नाहीं” ह्या तीन शब्दांनीं त्या वहीची साक्ष जितकी भक्कम झाली, तितकी शंभर नीटनेटक्या आकड्यांनीं झाली नसती.

चारी ताब्यांत घेण्यापूर्वीं खात्यानें व संस्थेनें मिळून तिची पाहणी करावी, मोडतोडीची यादी करावी, दुरुस्ती व्हावी व मग करार होऊन हस्तांतरण व्हावें, असा क्रम आहे. आमच्या मंडळींस समारंभाची हौस. नारळ फुटतो, हार पडतात, सह्या होतात, आणि यादींतील दुरुस्त्या यादींतच राहतात. एकदां चारी आपल्या ताब्यांत आली म्हणजे रोजची डागडुजी आपली. सबब पाहणीच्या दिवशीं शेपटापर्यंत पायीं चालत जावें, मोटारसायकलवरून नव्हे. प्रत्येक दार, प्रत्येक मोरी, प्रत्येक खचलेला तुकडा लिहावा व खालीं दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्या. फ्ल्यूम नसेल किंवा मोडका असेल तर तो बांधून मिळेपर्यंत सही करण्याची घाई करूं नये. मापावांचून चारी घेणें म्हणजे केवळ जबाबदारी घेणें होय.

पैशांविषयीं थोडक्यांत. पाणी दिल्यावर पट्टी वसूल करूं म्हणणारी संस्था दुसऱ्या वर्षीं थकते. पीक घरांत आल्यावर देणें आठवत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि शेजाऱ्यावर शेजाऱ्यानें तगादा लावणें किती कठीण, हें सांगावयास महसुली कारकुनाची गरज नाहीं. ज्या संस्था नीट चालल्या आहेत, त्यांत पाळीच्या आधीं पैसे भरून पावती घ्यावयाची व पावती पाटकऱ्यास दाखवावयाची, अशी वहिवाट आहे. वर्षाचा जमाखर्च व वर्षाचा पाण्याचा ताळेबंद, दोन्ही सर्वसाधारण सभेंत वाचून दाखवावे. पहिला पुष्कळ ठिकाणीं वाचतात. दुसरा वाचतांना आम्हीं क्वचितच ऐकला.

सर्वांत अवघड प्रश्न आपसांतील वांटपाचा आहे, व तेथें कायदा फारसा उपयोगीं पडत नाहीं. पिकाचें स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर शिरावरच्या दोघां-तिघांनीं ऊस लावला, आणि उन्हाळ्याच्या पाळ्या त्यांतच खपूं लागल्या, असें एका ठिकाणीं घडलें. ते म्हणत, कायद्यानें वाटेल तें पीक घेण्याची मुभा आहे. मुभा आहे खरी; परंतु ती संस्थेच्या कोट्याच्या आंत आहे, व कोटा जमिनीच्या प्रमाणांत आला आहे. ज्याची तीन एकर जमीन त्याच्या वांट्यास तीन एकरांचीं मिनिटें. त्यांत त्यानें ऊस जगवावा कीं हरभरा घ्यावा, तो त्याचा प्रश्न. त्या संस्थेंत शेवटीं पाळीचा क्रम उलटा केला गेला. शेपटाचें दार प्रथम उघडावयाचें आणि मग वर सरकत यावयाचें. प्रथम भांडणें झालीं. पण शेवटीं भिजणारा शिरावरचा असला कीं चारींत पाणी वेळेवर चढावें, कोठें फुटूं नये, ह्याची काळजी तोच वाहूं लागतो, असा त्यांचा अनुभव आहे. शिरावरच्या माणसाचे हात लांब असतात. ते कामास लागले म्हणजे चारी चांगली राहते.

आमच्या गांवची निवडणूक पार पडली आहे. अध्यक्ष मध्यावरचे झाले. आम्हांस संचालकांनीं दप्तर लिहिण्यास बसविलें आहे. चारीची पाहणी जूनमध्यें झाली, त्या यादींत सत्तावीस बाबी निघाल्या, पैकीं नऊ पुऱ्या झाल्या आहेत. फ्ल्यूमची दुरुस्ती त्यांत आहे, कोष्टकही लेखी मिळालें आहे. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो, त्या दिवसापासून वही चालू करावयाची आहे. तिचे रकाने असे ठेवले आहेत : तारीख, वेळ, पट्टीवरील आकडा, कोष्टकावरून प्रवाह, कोणतीं दारें चालू, फ्ल्यूमच्या खालीं तुंब आहे किंवा नाहीं, वाचणाऱ्याची सही व पाटकऱ्याची सही. ह्यांशिवाय एक रकाना आम्हीं हट्टानें घातला आहे. पाळी संपल्यावर शेवटच्या दाराखालील शेतकऱ्यानें, पाणी कोणत्या तारखेस पोंचलें व किती वेळ चाललें तें स्वतः लिहून सही करावयाची. ज्या बाईंची हकीकत वर आली त्या आतां हयात नाहींत. तें शेत त्यांचा मुलगा करतो. सहीचा रकाना त्याच्याकडे आहे.